पाणी जातं कुठं?



बेळगाव, फोंडा, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, जिथं जिथं हा गुरुवारचा अंक उघडला जातो तिथल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार आणि लेकरांना आशीर्वाद. आजचा विषय थोडा गॅरेजमधला आहे. घाबरू नका, हात काळे होणार नाहीत. जातं, मडकं, माग, चाक यांच्यावरून परमार्थ समजावून सांगायची आपल्याकडे जुनी रीत आहे. आता दारात गाडी उभी असते, तर तिलाही चार गोष्टी विचारून बघूया.

*प्रश्न असा आहे*

एका घरी जुनी गाडी आहे. ती चालवणारा ड्रायव्हर अगदी घरच्यासारखा. रोज सकाळी तो बॉनेट उघडतो. कूलंटची पातळी खाली गेलेली असते. तो बाटलीतून गुपचूप भरतो, बॉनेट लावतो, काच पुसतो आणि गाडी दारात आणून उभी करतो. मालकांना एक शब्द सांगत नाही. कुणी विचारलंच तर म्हणेल, "साहेबांच्या डोक्याला आधीच काय कमी ताप आहे? मी बघतोय ना." आजवर गाडी रस्त्यात कधी थांबलेली नाही.

आता सांगा, हा माणूस सेवा करतोय की लपवाछपवी?

हा प्रश्न चारचौघांत टाकला की हमखास दोन तट पडतात. एक म्हणतात, किती निष्ठावान माणूस, नाव नको, श्रेय नको. दुसरे म्हणतात, ही तर फसवणूक झाली. मग एखाद्या आजी हळूच बोलतात, "अहो, गाडीचं काय घेऊन बसलात, हे घराघरांत चाललंय." आणि सगळे गप्प होतात, कारण ज्याला त्याला आपल्या घरातली बाटली आठवते. पाटल्या मोडून मुलाचं कर्ज गुपचूप फेडणारी आई. नवऱ्याचं पिणं "त्यांना आज जरा बरं नाही" म्हणून झाकणारी वहिनी. धाकट्याने गल्ल्यातून उचललेले पैसे दर महिन्याला स्वतःच्या खिशातून भरून हिशेब जुळवणारा थोरला दादा. सगळे भरताहेत. यातलं कुणीही वाईट नाही. आणि पाणी जातंच आहे.

उत्तराची घाई नको. आधी गाडीचं नीट समजून घेऊ.

*जे संपायला नको ते संपतंय*

पेट्रोल जळतं, ते संपणारच. टायर झिजतो, ते त्याचं कामच आहे. कूलंटचं तसं नाही. ते एका बंद फेऱ्यात फिरत असतं. पंप त्याला ढकलतो, इंजिनाच्या अंगाभोवतीच्या वाटांतून ते उष्णता गोळा करतं, रेडिएटरमध्ये ती वाऱ्याला देऊन टाकतं आणि पुन्हा इंजिनाकडे येतं. इंजिनाच्या आत जळणाऱ्या वायूचं तापमान क्षणभर दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जातं, आणि हे पाणी आपल्याजवळ नव्वद-शंभर अंशांच्या आसपासच सगळं सांभाळून घेतं. एवढ्या तापात ते उकळून जाऊ नये म्हणून झाकण आत दाब धरून ठेवतं, साधारण एक बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाइतकाच आणखी एक दाब. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे. तिथं उघड्या पातेल्यातलं पाणी शंभरच्या दोन-अडीच अंश आधीच उकळतं. पण झाकणाच्या दाबाखाली असलेलं कूलंट मिसळलेलं पाणी सव्वाशे अंशांच्या आसपासपर्यंत टिकून राहतं.

मुद्दा एवढाच, की फेरा बंद आहे. इंजिन थंड असताना बाटलीवरच्या दोन खुणांमध्ये जी पातळी असते, ती महिनोन्‌महिने जवळजवळ तिथंच राहायला हवी. दर पंधरवड्याला ती खाली जात असेल, तर पाणी कुठंतरी जातंय. "गाडी जुनी झाली, थोडं पाणी पिणारच" असं आपण सहज म्हणतो. गाडी पाणी पीत नाही. गाडी पाणी सांडते. दिसत नाही, एवढंच.

घरातही दोन तऱ्हेच्या गोष्टी असतात. पैसा खर्च होतो, अंगातली ताकद दिवसाअखेर संपते, ते पेट्रोल. पण विश्वास, एकमेकांविषयीचा आदर, रात्रीची निवांत झोप या फेऱ्यातल्या गोष्टी. एकाने दिल्या, दुसऱ्याने घेतल्या, परत फिरून आल्या. या गोष्टी रोज थोड्या कमी होत असतील तर "संसार म्हटला की चालायचंच" म्हणून सोडून देऊ नये. चालतंय ते चालतंय, पण गळतंयही.

*भरणं वाईट नाही*

आता भरणाऱ्याची बाजू. गोव्याहून चोर्ला घाट चढताना गाडीत पाच माणसं, सामान, भर दुपार, आणि काटा वर गेला. अशा वेळी एसी बंद करावा, गाडी बाजूला घ्यावी, इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावं, मग पाणी घालून जवळच्या गॅरेजपर्यंत हळूहळू न्यावी. इथं भरणं हाच धर्म. घाटात उभं राहून कुणी कुणाला उपदेश करू नये. वसुलीवाला दारात उभा असताना, पोरगं घाबरून कोपऱ्यात बसलेलं असताना, आईने आधी हप्ता भरला तर तिला कोण नावं ठेवील?

पण घाट संपतो. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा भरलं, तिसऱ्यात पुन्हा. आता भरणाऱ्याला अशी एक गोष्ट माहीत आहे, जी गाडीत बसणाऱ्यांना माहीत नाही. इथून प्रश्न गाडीचा राहत नाही, नीतीचा होतो.

विल्यम क्लिफर्ड नावाचे एक इंग्रज गणितज्ञ होते. १८७७ साली त्यांनी नेमक्या याच प्रश्नावर एक निबंध लिहिला आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गांत तो आजही शिकवतात. त्यातला दाखला असा. एका जहाजमालकाचं जहाज जुनं झालंय. त्याच्या मनात शंका येते, पण डागडुजीला खर्च आहे. मग तो मनाची समजूत घालतो, की इतक्या सफरी सुखरूप झाल्या, ही पण होईल. मनापासून विश्वास ठेवतो आणि माणसं भरून जहाज सोडतो. जहाज बुडतं. तो दोषी, यात वाद नाही. पण क्लिफर्ड पुढे विचारतात, समजा जहाज सुखरूप पोचलं असतं तर? त्यांचं उत्तर सरळ आहे, तरीही तो तितकाच दोषी. कारण दोष जहाज बुडण्यात नाही. तपासता येत असताना न तपासता मनाला गप्प बसवलं, त्यात आहे.

"आजवर गाडी कधी थांबली नाही" या वाक्याचं वजन आता किती राहिलं ते बघा. न थांबणं हा पुरावा नाही. घाटात थांबली नाही ती आपल्या पुण्याईने असेल, तपासणीने नव्हे.

"पण काटा तर मधेच आहे!" काट्याचंही ऐका. बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दामच असा बसवलेला असतो, की तापमान कितीतरी अंशांनी वरखाली झालं तरी तो मध्यावरून हलत नाही. चालवणाऱ्याने उगाच काळजी करू नये म्हणून. तो हलतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. पाणी फारच कमी झालं तर तापमान मोजणारा सेन्सर पाण्याऐवजी हवेत लटकतो आणि काटा भलतंच सांगतो. काही गाड्यांत बाजूची बाटली काठोकाठ भरलेली दिसते, पण झाकण खराब झाल्यामुळे बाटलीतलं पाणी परत आत ओढलं जात नाही आणि रेडिएटर रिकामा होत जातो. घरीही दिवाणखान्यातली बाटली भरलेलीच असते. पाहुण्यांना चहा मिळतो, ग्रुपवर सुप्रभात जातं, काटा मध्यावर असतो.

आणि गुपचूप भरण्यात आणखी एक नुकसान आहे. बहुतेक वेळा भरलं जातं ते साधं नळाचं पाणी. दर वेळी आतलं कूलंट थोडं पातळ होतं. त्यातला गंज रोखणारा अंश कमी होतो, आणि गळतीच्या जोडीला गंज सुरू होतो. आईने सांगितलेली एक छोटी थाप, वहिनीने दिलेलं एक कारण, याने एक दिवस निभावतो. पण घरातलं खरं बोलणं दर वेळी थोडं पातळ होत जातं.

*ओलं दिसलं म्हणजे दोषी सापडला असं नाही*

मग शोधायचं ठरलं. इथं आपण पहिली चूक करतो ती बोट दाखवण्याची.

उन्हाळ्यात गाडीखाली पाणी दिसलं की "फुटला रेडिएटर!" असं ओरडू नये, बहुतेक वेळा ते एसीचं साधं, स्वच्छ पाणी असतं. कूलंट रंगीत असतं, बोटाला बुळबुळीत लागतं. (चव मात्र कधीही घेऊ नये. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं आणि विषारी असतं. अंगणात सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाकावं, कुत्र्या-मांजरांचा जीव जातो. आपल्या गळतीचं मोल असं तिऱ्हाइतालाही मोजावं लागतं.) ऑइलच्या झाकणाखाली थोडा दुधाळ फेस दिसला तर "हेड गॅस्केट गेलं" म्हणून लगेच इंजिन खोलू नये, थंडीच्या दिवसांत गाडी नुसती जवळच्या जवळ फिरवली तरी ओलाव्याने तसा फेस धरतो. आणि जिथं थेंब पडतो तिथंच भोक असतं असं तर मुळीच नाही. पाणी पाइपावरून ओघळतं, इंजिनाखालच्या पत्र्यावर साचतं आणि भलत्याच कोपऱ्यातून टपकतं.

दहावीतला मुलगा चिडचिड करतो, म्हणजे बिघाड मुलात आहे? सून जेवताना बोलत नाही, म्हणजे दोष सुनेचा? तिथं नुसतं ओलं दिसतंय. पाणी वरून कुठूनतरी येतंय. चांगला मेस्त्री थेंब बघून मान डोलावत नाही. तो ओल कुठून आली ती रेघ हाताने पुसत पुसत वर जातो.

*लपलेली गळती चार जागी लपते*

१) *तापलेल्या अंगावर.* बारीक झिरपलेलं पाणी गरम इंजिनावर पडताच वाळून जातं. थेंब दिसतच नाही. मागे उरतो तो पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खरपुडीचा डाग. रागीट माणसाच्या घरात कुणी रडताना दिसत नाही, कारण तिथं अश्रू लगेच वाळतात. डाग मात्र राहतात.

२) *थंडीत.* काही जोड इंजिन गार असताना आकसतात आणि पहाटे झिरपतात. गाडी तापली की रबर-धातू फुगून फट बंद. गॅरेजमध्ये नेईपर्यंत सगळं ठीक. चार लोकांत हसणारा आणि पहाटे चारला जागा असणारा माणूस असाच असतो.

३) *दाबाखाली.* गाडी उभी असताना एक थेंब नाही, चढावर मात्र धार. सणासुदीला, लग्नकार्यात, वाटणीच्या वेळी जे उफाळून येतं ते त्या दिवशी तयार झालेलं नसतं.

४) *आतल्या आत.* हे सगळ्यांत कठीण. डॅशबोर्डच्या मागे हीटरची एक छोटी जाळी असते. बऱ्याच गाड्यांत हीटर लावा न लावा, कूलंट तिच्यातून फिरतच असतं. गोव्यात हीटरची आठवण कुणाला होणार? पण ग्वाल्हेरला डिसेंबरात हीटर सुरू केला की समोरच्या काचेवर चिकट धुकं धरतं, गोडसर वास येतो, पायाखालचा गालिचा ओला लागतो. किंवा हेड गॅस्केटमधून कूलंट थेट जळणाच्या जागेत जातं आणि पांढरा धूर होऊन मागून निघून जातं. जमिनीवर डाग नाही, पाइप कोरडे, पाणी गायब.

*थंड इंजिन, मोजका दाब*

अशी गळती शोधायची मेस्त्र्यांची एक रीत आहे आणि ती आम्हाला फार मोलाची वाटते. इंजिन पूर्ण गार होऊ देतात. तापलेल्या इंजिनाचं झाकण कधीही उघडायचं नसतं, कारण दाब सुटताच शंभरच्या वर गेलेलं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. गार झाल्यावर झाकणाच्या जागी हातपंप बसवतात, त्यावर दाबाचा काटा असतो. हळूहळू हवा भरतात. किती? झाकणावर जेवढा आकडा छापलाय तेवढीच. त्याहून जास्त नाही, नाहीतर चांगला पाइपही फाटतो. मग दहा-पंधरा मिनिटं थांबतात. काटा जागचा हलला नाही तर आशा आहे. हळूहळू खाली आला तर गळती नक्की. मग टॉर्च घेऊन एकेक जोड बघतात, बोट फिरवतात. बाहेर कुठंच ओल नाही आणि काटा तर पडतोय, याचा अर्थ गळती आत आहे. तरीही सापडली नाही तर कूलंटमध्ये चमकणारा रंग घालतात, चार दिवस गाडी वापरतात आणि अंधारात अतिनील टॉर्च मारतात. जिथून झिरपलं तिथं पिवळट हिरवी रेघ उजळते. गॅस्केटची शंका असेल तर एक निळं द्रव्य वापरतात. जळालेला वायू पाण्यात येत असेल तर ते पिवळं पडतं.

यातल्या तीन गोष्टी घरी नेण्यासारख्या आहेत.

पहिली, *थंड झाल्यावर.* रात्री अकराला, प्यायलेल्या माणसाशी, भांडणाच्या भरात झाकण उघडू नये. सकाळी, चहानंतर, एकट्याला गाठून.

दुसरी, *मोजका दाब.* विचारायचंच नाही, तर काही कळणार नाही. पण उलटतपासणी घेतली, चारचौघांत उभं केलं, शपथा घालायला लावल्या, तर जिथं भोक नव्हतं तिथंही पडेल. प्रत्येक माणसाच्या झाकणावर त्याचा आकडा छापलेला असतो. तो वाचायला शिकणं हीच घरच्या मोठ्यांची साधना.

तिसरी, *थांबणं.* प्रश्न विचारून लगेच उत्तर मागू नये. पंधरा मिनिटं काट्याकडे बघत बसायची तयारी हवी.

*मुद्दाम ठेवलेलं भोक*

आता या सगळ्यातली आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट. वॉटर पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. नवख्याला वाटतं, बनवणाऱ्याची चूक झाली. पण ते मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगकडे जाऊ लागतं. ते तिथं पोचलं तर पंप जाम होणार. म्हणून बनवणाऱ्याने वाटेतच एक वाट काढून ठेवली, की बाबा, झिजलास तर इथून टपक, लोकांना दिसू दे, बेअरिंग वाचू दे. त्या भोकातून ओघळ दिसला की सील बदलायची किंवा पंप बदलायची वेळ आली. आणि काही शहाणे ते भोकच एम-सीलने बुजवून टाकतात! गळती थांबते. पंप आतून मरतो.

यंत्र बनवणाऱ्याला ठाऊक होतं, की झीज होणारच. म्हणून त्याने झीज लपवायची नाही, दिसायची सोय केली. आपल्या घरात अशी सोय आहे का? "मी चुकलो, कर्ज झालंय" हे न घाबरता सांगता येईल अशी एक जागा, एक माणूस?

धृतराष्ट्राकडे असा माणूस होता. विदुर. दरबारात खरं बोलणारा. द्यूताच्या वेळी, त्याआधी, त्यानंतर, तो सांगत राहिला. पुत्रमोहात बुडालेला राजा दुर्योधनाला हवं ते देत राहिला, भरत राहिला. पांडव वनात गेल्यावर विदुराने पुन्हा सुनावलं, तेव्हा धृतराष्ट्र संतापून म्हणाला, जायचं तिथं जा. विदुर पांडवांकडे वनात गेला. पुढे राजाला पश्चात्ताप झाला, त्याने परत बोलावून घेतलं. पण ऐकलं काही नाही. राजाने आपल्या पंपाचं भोक बुजवलं होतं. पुढचं आपण सगळे जाणतो. धृतराष्ट्राला दिसत नव्हतं हे त्याचं दुर्दैव. सांगणाऱ्याला घालवून दिलं हा त्याचा दोष.

म्हणून लेकराने चूक कबूल केली की पहिल्या वाक्याला ओरडू नका. ओरडलात तर चूक थांबत नाही, सांगणं थांबतं.

*पावडरीचा मोह*

बाजारात गळती बंद करणारी पावडर मिळते. कूलंटमध्ये टाकली की बारीक भोक बुजतं. अडीअडचणीला एखादे वेळी ठीक. पण तिला भोक आणि वाट यातला फरक कळत नाही. रेडिएटरच्या, हीटरच्या चांगल्या अरुंद नळ्याही ती हळूहळू चोंदून टाकते. "आता या विषयावर घरात कुणी बोलायचं नाही" अशी ताकीद ही तसलीच पावडर. गळती थांबल्यासारखी वाटते आणि बाकीचं बोलणंही चोंदतं. सत्संगाचीसुद्धा कुणी अशी पावडर करू नये. नामस्मरणाने मन शांत होतं ते खरं, पण शांत मन हे इंजिन थंड झाल्यासारखं आहे. आता झाकण उघडून बघायचं असतं.

*न बुजणाऱ्या गळत्या*

इथं कुणी म्हणेल, सगळ्याच गळत्या दुरुस्त होतात का? नाही होत. वडिलांची स्मृती जाते आहे. रोज तेच तेच सांगायचं, रोज भरायचं. बहिणीचं दुखणं जन्माचं आहे. तिथं शोधून झालेलं असतं, वैद्यांनी, डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. आता भरत राहणं हीच सेवा, आणि ती थोर आहे. पण फरक लक्षात घ्या. इथं घरातल्या सगळ्यांना माहीत असतं किती जातंय, कोण भरतंय. म्हणून भरणाऱ्याला एक दिवस सुट्टी देता येते. जिथं गुपचूप भरलं जातं तिथं भरणारा एकटा असतो, आणि ज्या दिवशी तो आजारी पडतो त्या दिवशी गाडी घाटात असते.

आता ड्रायव्हरचं उत्तर देता येईल असं वाटतं. पहिल्या दिवशी त्याने भरलं, ती सेवा. तिसऱ्या दिवशी भरून सांगितलं नाही, तिथं सेवेचं पाणी वळलं. त्याने मालकाचा ताप वाचवला नाही. मालकाचा ठरवायचा हक्क घेतला. गाडीत कोण बसणार, पोरांना घाटात न्यायचं की नाही, हे आता मालक ठरवत नाही, एक न सांगितलेली गोष्ट ठरवते. त्याची माया खरी होती, तरीही. मायेने केलेली लपवाछपवी ही मायाही असते आणि लपवाछपवीही असते. एकाने दुसरी पुसली जात नाही. पण मालकानेही स्वतःला विचारावं, इतकी वर्षं घरच्यासारखा असलेल्या माणसाला हे सांगायची हिंमत का झाली नाही? त्या घरातलं भोक कुणी बुजवलं होतं?

म्हणून आम्हाला समजलं ते एवढंच: *भरा, पण मोजून भरा, आणि मोजलेलं सांगा.*

*दुरुस्तीनंतर*

बहुतेक वेळा दोष छोटा निघतो. एक सैल क्लिप, कडक झालेला होज पाइप, झाकणाचं रबर. दुर्लक्ष केलं तर मात्र अ‍ॅल्युमिनियमचं हेड तापून वाकतं आणि क्लिपेच्या किमतीचं काम इंजिनावर जातं. बदलल्यावर नवं कूलंट भरून आतली हवा काढावी लागते, नाहीतर हवेचा फुगा अडकतो आणि गाडी पुन्हा तापते. मग बाटलीवर पेनाने रेघ मारायची आणि पुढचे काही आठवडे सकाळी, गार इंजिनावर बघायचं. पातळी रेघेवर राहिली तर दुरुस्ती खरी. घरातही माफी मागितली, कर्ज उघड झालं, पिणं सोडायचं ठरलं, म्हणजे काम झालं असं नाही. रेघ मारून काही आठवडे बघावं लागतं. संशयाने नव्हे, मेस्त्री बघतो तसं.

*या आठवड्यात घरी बसून बोलायला*

🔸 आपल्या घरात कुणी एकटंच काही भरतंय का? आज त्याला नुसतं विचारा, "तुझ्यावर किती पडतंय?"

🔸 चूक सांगायला आपल्याकडे कुणी सहज येतं का? येत नसेल तर का?

🔸 आणि हो, उद्या सकाळी, इंजिन गार असताना, गाडीची बाटलीही बघा. पातळी लिहून ठेवा.

पुढच्या गुरुवारी भेटूच. घरातल्या ज्या मंडळींकडे फोन नाही त्यांना हे वाचून दाखवावं, ही विनंती. 🙏